झाड आनलंस का?

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात दोन डॉक्टरांच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या. एका दाराबाहेर चपलांचा ढीग असायचा. दुसऱ्या दाराबाहेर माझ्या नावाची पितळी पाटी होती, आणि ती स्वच्छ राहायची, कारण तिच्यासमोर कुणी फारसं उभंच राहायचं नाही.

चपला काढून या, असं कुंदाताई भोईरांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांची फरशी माझ्या फरशीपेक्षा काही वेगळी नव्हती, उलट एका कोपऱ्यात फुटलेलीच होती. तरी माणसं बाहेर चपला काढायची आणि मगच आत जायची. तीच माणसं माझ्याकडे आली की चपलांसकट यायची. एकदा कर्नाळ्याकडचा एक म्हातारा माझ्या दारात चपला काढून आत आला, तेव्हा मी मनातून फार सुखावलो. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, "बाय नाय का?" असं विचारलं आणि चपला हातात घेऊन तो शेजारी गेला.

तेव्हा आधीच सांगून टाकतो. मला या बाईंचा हेवा वाटायचा, अजून वाटतो. त्यांच्याबद्दल मी जे काही चांगलं लिहीन ते नाइलाजाने लिहिलेलं आहे असं समजा, म्हणजे त्यावर विश्वास ठेवायला तुम्हाला सोपं जाईल.

मी साताऱ्याचा. मुंबईत शिकलो, शेवटच्या परीक्षेत पदक मिळवलं, नवीन पनवेलला फ्लॅट घेतला आणि इथे रुजू झालो. कुंदाताई उरणकडच्या खाडीकाठच्या. वडिलांची होडी होती, भाऊ अजून मासळीच्या धंद्यात. त्याही मुंबईतच डॉक्टरकी शिकल्या, पण पदकबिदक काही नाही. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, बुटक्या, भक्कम. अंगावर भडक फुलांच्या साड्या, आणि ऑपरेशनच्या दिवशी टोपीच्या आत अबोलीचा गजरा. टोपी काढली की गजरा जरा चेपलेला असायचा, त्या तो बोटांनी सारखा करायच्या आणि मगच बाकीच्या जगाकडे बघायच्या. रोज उशिरा यायच्या. माझी पेनं घेऊन जायच्या आणि परत मागितली की, "तुझं नाव लिहिलंय का त्याच्यावर?" असं विचारायच्या. मग मी पेनांवर नाव लिहायला लागलो, तर माझ्या नावाची पेनं त्यांच्या पेशंटांच्या खिशात दिसू लागली.

दुपारी डबा उघडला की सुक्या बोंबलाचा वास सगळ्या मजल्यावर पसरायचा. मी पोळी-भाजीवाला. त्या माझ्या डब्यातलं लिंबाचं लोणचं न विचारता घ्यायच्या आणि वर म्हणायच्या, "सुहास, माधवीच्या हाताला चव आहे. तुझ्याकडे कशी काय आली ती?" माधवी म्हणजे माझी बायको. शाळेत गणित शिकवते. तिला कुंदाताई फार आवडायच्या, हेही मला आवडायचं नाही.

मला पेशंट नव्हते असं नाही. सुकापूरच्या, विचुंब्याच्या नव्या सोसायट्यांतली माणसं माझ्याकडे यायची. वेळ ठरवून यायची, फाइल घेऊन यायची, घरी मोबाइलवर सगळं वाचून यायची. गावं मात्र कुंदाताईंकडे जायची. आमच्याशी त्या शहरी मराठी बोलायच्या, पेशंट समोर बसला की गावची बोली सुरू. मीही एकदा एका म्हातारीला, "काय झाला आजी, बरा हाय का?" असं विचारून पाहिलं. तिने मागे वळून आपल्या सुनेकडे पाहिलं आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. पुन्हा मी त्या वाटेला गेलो नाही.

आमच्या भागात डोळ्यात काटा जाणं हे नवल नाही. उन्हाळ्यात करवंदांच्या जाळीत हात घालताना फांदी उलटून येते. पावसाळ्यात गवत कापताना कुसळ उडतं. खाडीच्या चिखलात मारांडीची झुडपं असतात, त्यांच्या पानांनाच काटे. बंगल्यांच्या कुंपणाला बोगनवेल. आणि आता टॉवर झाल्यापासून प्रत्येक बाल्कनीत एक निवडुंग, कारण त्याला पाणी घालावं लागत नाही. बुबुळावर एक काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, आम्ही त्याला कॉर्निया म्हणतो. काटा शिरतो तो बहुतेक तिथेच. तो पडदा गढूळ झाला की डोळा असून नसल्यासारखा.

काटा काढायचा तर चिमट्याने किंवा सुईने, यंत्राखाली बघत, लवकरात लवकर, असं मी शिकलो होतो. कुंदाताईही हेच शिकल्या असणार. पण काट्याचा पेशंट आला की त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा.

"झाड आनलंस का?"

मी रुजू होऊन थोडेच दिवस झाले होते. कर्नाळ्याच्या बाजूच्या एका वाडीवरची पारूबाई आली. करवंदीच्या काट्याचं टोक कॉर्नियात मोडून बसलेलं. कुंदाताई अर्थातच आल्या नव्हत्या, म्हणून ती माझ्या वाट्याला आली. मी डोळा बधिर केला, चिमटा उचलला, आणि दार उघडून कुंदाताई आत. यंत्रातून एकदा पाहिलं आणि मला म्हणाल्या, "सुहास, थांब." मग तिला म्हणाल्या, "पारू, झाड आनलंस का?"

पारूबाईने मान खाली घातली. "नाय बाय. ईसरले."

"मंग बस. धाड जावयाला."

मी कुंदाताईंना बाजूला घेऊन म्हटलं, डोळ्यात काटा असलेल्या बाईला बाकावर बसवून ठेवणं हे कुठल्या पुस्तकात आहे? त्यांनी तिच्या डोळ्यात औषधाचा थेंब घातला, वर प्लास्टिकची वाटी चिकटवली आणि म्हणाल्या, "घाई कोणाला आहे? तुला, का काट्याला?"

जावई मोटारसायकलवरून आला तो अख्खी फांदी घेऊन. तिला करवंदं होती. ती सिस्टरांनी, वॉर्डबॉयनी आणि खुद्द पारूबाईने खाल्ली. कुंदाताईंनी फांदीवरचा एक काटा कापला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि सुईने त्याचं टोक हळूच दाबलं. टोक तटकन मोडलं. "बघ. शेंडा ठिसूळ आहे. तू चिमट्यात धरला असतास तर वरचा तुकडा तुझ्या हातात आला असता आणि खालचा तिच्या डोळ्यात राहिला असता." मग त्यांनी काटा ज्या वाटेने आत गेला होता ती वाट सुईने बाजूने जराशी मोकळी केली आणि काटा खालून उचलला. अख्खा आला. डाग राहिला तो इतका बारीक की पारूबाईला तो कधी कळलाही नसेल.

घरी येऊन मी माधवीला सांगितलं की ही बाई नाटकी आहे. सगळं ऐकून ती म्हणाली, "पण निघाला ना अख्खा?"

आणलेली फांदी टाकून द्यायची नाही, हा कुंदाताईंचा आणखी एक छंद. रंगाच्या रिकाम्या डब्यांत त्या ती गच्चीवर खोचायच्या. बरीचशी मरायची, काही जगायची. जगली की तिला त्या पेशंटचं नाव मिळायचं. पारूची करवंदी, चिंतामणची बोर, उलव्याच्या मावशीची मारांडी. गच्चीवर दवाखान्याच्या चादरी वाळत घालायला जाणाऱ्या बायका रोज ओरबाडून यायच्या आणि कुंदाताईंना शिव्या घालायच्या, पण एकही डबा कुणी हलवला नाही. पेशंट बरे झाले तरी अधूनमधून यायचे, आधी गच्चीवर जाऊन आपलं झाड बघायचे आणि मग खाली चहा प्यायचे. माझे पेशंट बरे झाले की मला तारे द्यायचे, मोबाइलवर. पाचपैकी चार.

एकदा मीही ठरवलं. सुकापूरच्या टॉवरमधला एक तरुण इंजिनिअर आला होता, बाल्कनीतल्या निवडुंगाचा काटा पापणीच्या आत घेऊन. मी शक्य तितक्या सहज आवाजात म्हटलं, "झाड आणलंत का?" तो गोंधळला. म्हणाला, "सर, झाड ऑनलाइन मागवलं होतं. लिंक पाठवू?" आणि त्याने खरोखरच पाठवली. खाली लिहिलं होतं, तुमच्यासाठी सवलत उपलब्ध आहे. हे भिंतीपलीकडे ऐकू गेलं असावं. दुपारी लोणचं घेताना कुंदाताई म्हणाल्या, "काय सुहास, लिंकेला पालवी फुटली का?"

पण झाडापेक्षाही मला जास्त लागायची ती त्यांची दुसरी खोड. काटा लागलेला डोळा लाल होतो. लाल डोळा झाला की आमच्याकडे घराघरांत एक उपाय ठरलेला असतो. घरात कुणातरी म्हाताऱ्या माणसाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं आणि त्याच्या औषधाची अर्धी बाटली फ्रिजच्या दारात, लिंबांशेजारी उभी असते. डॉक्टरने दिलेलं औषध, महागाचं, मग ते फेकायचं कसं? त्याचे थेंब घातले की डोळा पांढराशुभ्र होतो, कारण त्यात स्टेरॉइड असतं. लाली जाते, दुखणं जातं आणि माणूस निश्चिंत होतो. पण झाडाच्या काट्याबरोबर बुरशी आत गेलेली असली, तर त्या थेंबांनी तिला रान मोकळं मिळतं. असे डोळे मी गेलेले पाहिले आहेत.

म्हणून मी प्रत्येकाला विचारायचो, "काही औषध घातलंत का?" सगळे म्हणायचे, नाही. डॉक्टरसमोर कोण कबूल करणार? कुंदाताई औषधाचं नावही काढायच्या नाहीत. त्या विचारायच्या, "सासूचा डोला कसा हाय? आपरेशन कवा झाला?" मग सासूच्या डोळ्याच्या गप्पा, सासूच्या स्वभावाच्या गप्पा, आणि त्यातच कधीतरी, "मंग उरलेला औषद तूच घातलंस ना?" समोरची बाई हसून मान हलवायची. मी भिंतीपलीकडे बसून हे ऐकायचो. माझ्यासमोर नाही म्हणालेली बाई तिथे हो म्हणत होती, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गच्चीवर एक फड्या निवडुंगही होतं. विचुंब्याच्या एका म्हाताऱ्याच्या शेताच्या कुंपणातलं. शेत गेलं, तिथे आता इमारतीचं पार्किंग आहे, पण निवडुंग कुंदाताईंच्या डब्यात तरारलं होतं. त्याच्या पानांवर मोठे काटे असतात ते दिसतात तरी. त्यांच्या बुडाशी बारीक पिवळट कुसळांचे झुबके असतात, केसांहून बारीक, ते हाताला लागल्यावरच कळतात. एका संक्रांतीला माधवी हळदीकुंकवाला दवाखान्यात आली आणि जाताना त्या निवडुंगाचं एक पान वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेली. कुंदाताईंनी वाण म्हणून दिलं. आमच्या बाल्कनीत माझ्या खुर्चीशेजारी ते लागलं आणि माझ्या कुठल्याही रोपाला आली नव्हती अशी वाढ त्याला आली.

त्या वर्षी सोसायटीने इमारत रंगवायला काढली. बाल्कन्या रिकाम्या करा, अशी सूचना आली. माधवीने रबरी हातमोजे घालून कुंड्या आत घेतल्या. संध्याकाळी तिचा उजवा डोळा लाल दिसला. मी विचारलं तर म्हणाली, रंगाची धूळ गेली. दुसऱ्या दिवशी डोळा स्वच्छ होता, त्यामुळे मी विसरलो.

आठवडा उलटला नसेल. माझा ऑपरेशनचा दिवस होता. मधे जरा वेळ मिळाला म्हणून मी चहाला बाहेर आलो आणि कुंदाताईंच्या दाराशी चपलांच्या ढिगात मला माधवीच्या चपला दिसल्या. निळ्या पट्ट्यांच्या, एक पट्टा मीच मोच्याकडून शिवून आणलेला. मी तिथेच उभा राहिलो. डोळ्यांच्या डॉक्टरच्या बायकोचा डोळा दुखतो आणि ती शेजारच्या दारात रांगेत बसते, यापेक्षा तिने मला सगळ्यांसमोर चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

आत गेलो. माधवी हनुवटी टेकवून यंत्रासमोर बसली होती. कुंदाताईंनी डोकं न उचलताच म्हटलं, "ये. बघ."

मी पाहिलं. हातमोज्याला चिकटलेली कुसळं डोळा चोळताना आत गेली होती. पापणीतली त्यांनी काढली होती. कॉर्नियात दोन होती. एक वरच्यावर, शेपूट बाहेर आलेलं. दुसरं खोल, अगदी आतल्या थरापर्यंत, बाहुलीच्या जवळ तिरपं रुतलेलं, राखाडी रेघेएवढं. त्याच्याभोवती धुकं होतं. ते धुकं म्हणजे नुसती सूज की बुरशीची सुरुवात, हे तेवढ्यावरून कुणालाच सांगता आलं नसतं.

"सुहास, घरात कोणाचं ऑपरेशन झालंय?" कुंदाताईंनी विचारलं.

मला हसू आलं. "माझ्या आईचं. मीच केलंय. पण आमच्याकडे कुणी तसलं काही..."

माधवीने हनुवटी उचलली नाही. "घातले होते," ती म्हणाली. "दोन-तीन दिवस. आईंची बाटली होती फ्रिजमध्ये."

मी तिच्यावर ओरडलोच. इतकी वर्षं जेवताना तुला हेच सांगत आलो, वगैरे. कुंदाताईंनी मला बोलू दिलं आणि मग दाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "नातेवाईकांनी बाहेर बसा."

मी बाहेर बाकावर बसलो. शेजारी एक कोळीण होती, डोळ्याला पट्टी लावलेली. तिने मला विचारलं, "तुमची बायको हाय का आत? मंग घाबरू नका. बाय बघंल."

नंतर माधवी मला म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू आधी रागावला असतास आणि मग डोळा बघितला असतास." हे खरं होतं, आणि म्हणूनच मला ते फार झोंबलं.

वरचं कुसळ कुंदाताईंनी त्याच दिवशी काढलं. आधी मला गच्चीवरच्या निवडुंगाचं कुसळ काचेवर दाखवलं. त्याला मागे वळलेले दाते होते, गळाला असतो तसे. नुसतं ओढलं की ते मांस धरून ठेवतं. सुईने वाट मोकळी करून त्यांनी ते उचललं, तिथलं थोडं खरवडून तपासणीला पाठवलं, आईची बाटली बंद केली आणि जंतूंचं व बुरशीचं अशी दोन औषधं दर तासाला सांगितली. खोल कुसळाला त्यांनी हात लावला नाही.

घरी थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं. एवढं पदक मिळवून शेवटी वॉर्डबॉयचं काम, तेही स्वतःच्या बायकोच्या डोळ्यात आणि दुसऱ्या डॉक्टरच्या सांगण्यावरून. स्टेरॉइड थांबल्यामुळे डोळा पुन्हा लाल झाला आणि धुकं वाढलं. काचेवर बुरशी दिसली नव्हती, पण ती वाढवून बघायच्या तपासणीचं उत्तर यायचं होतं. फळ्यावरची अक्षरं फुटतात, असं माधवी म्हणायला लागली. मी मुंबईतल्या माझ्या एका मित्राला फोन केला. तो कॉर्नियाच्याच शस्त्रक्रिया करतो. म्हणाला, "आण उद्या, काढून टाकू."

मी दुसऱ्या दिवशी माधवीला घेऊन कुंदाताईंसमोर बसलो आणि सांगितलं की आम्ही मुंबईला जातो आहोत.

कुंदाताई रागावतील असं मला वाटलं होतं, किंबहुना त्यांनी रागवावं अशी माझी इच्छा होती. त्या रागावल्या नाहीत. माधवीकडे वळून म्हणाल्या, "तुझा नवरा म्हणतो ते चुकीचं नाही. काढता येईल. पण एवढ्या खोल जायचं तर कापावं लागेल, आणि डाग राहील तो बरोबर नजरेसमोर. काढताना आत ढकललं गेलं तर भिंगापर्यंत जाईल. ठेवलं, आणि त्याच्यासोबत बुरशी असली, तर डोळा जाईल. विचुंब्याच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यात याच झाडाचं कुसळ आहे, मी रुजू झाले तेव्हापासून आहे, आणि तो अजून सुईत दोरा ओवतो. त्यामुळे मला वाटतं, ठेवावं. पण मला वाटतं, एवढंच. खात्री नाही."

"तुमच्या डोळ्यात असतं तर?" माधवीने विचारलं.

"ठेवलं असतं."

"मग राहू दे."

मी मधे बसलो होतो. दोघींपैकी एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढ्या विश्वासाने माधवीने माझं म्हणणं कधी ऐकलं होतं ते मला आठवेना. तो विश्वास मला हवा होता. डोळ्याची काळजी होतीच, पण त्या क्षणी मला जास्त काय हवं होतं ते सांगायला लाज वाटते.

संध्याकाळी मी भांडायला म्हणून गच्चीवर गेलो. कुंदाताई फड्या निवडुंगाच्या डब्यासमोर स्टुलावर बसल्या होत्या. बोटं कुसळांनी भरली होती आणि त्या चिमट्याने एकेक काढत होत्या. दिवसभर त्या कुसळं कापून काचांवर ठेवत होत्या, कुठल्याच्या बुडाशी बुरशी दिसते का ते बघत होत्या. माझी चाहूल लागली तशा म्हणाल्या, "झाड मी दिलंय, सुहास."

त्यांचा आवाज मी कधी इतका लहान ऐकला नव्हता. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ही बाईही घाबरते, हे बघून बरं वाटलं. मग मी दुसरं स्टूल ओढलं, त्यांच्या हातातला चिमटा घेतला आणि बोटांतली उरलेली कुसळं काढून दिली. भांडण राहून गेलं.

"मोडू नको," त्या मधेच म्हणाल्या. "गेलंय तसं बाहेर काढ."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

पुढचे दिवस फार हळू गेले. सकाळी दात घासायच्या आधी मी टॉर्च घेऊन माधवीचा डोळा बघायचो आणि ती म्हणायची, "तू नको सांगू, त्या सांगतील." तपासणीचं उत्तर आलं, बुरशी नव्हती. लाली उतरली. मग एक दिवस धुकं कडेने विरायला लागलं आणि शेवटी नुसतं कुसळ उरलं, स्वच्छ काचेत अडकलेल्या रेघेसारखं. त्या दिवशी कुंदाताईंनी मला हाक मारून बोलावलं आणि यंत्रावरून उठून जागा दिली. मी पाहिलं. माझ्या बायकोचा डोळा वाचला होता. मी पाहत राहिलो, कारण मान वर केली असती तर दोघींना माझा चेहरा दिसला असता.

माधवीने पेढे वाटले. कुंदाताईंना द्यायला लोणच्याची अख्खी बरणी आणली.

गेल्या वर्षी कुंदाताई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभाला येते म्हणाल्या आणि आल्या नाहीत, त्यांची खुर्ची आणि शाल तशीच राहिली. त्याआधीच्या दिवशी भावाचा मासळीचा टेम्पो दवाखान्याच्या दारात आला होता. गच्चीवरचे रंगाचे डबे एकेक करून खाली उतरले. पारूची करवंदी, चिंतामणची बोर, सगळी. चादरी वाळवणाऱ्या बायकाच ते उतरवत होत्या, आणि त्यांतली एक डोळे पुसत होती. कुंदाताई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, मांडीवर विचुंब्याचं निवडुंग. मी खिडकीपाशी गेलो. त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, त्यावरचं नाव वाचलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं. टेम्पो वळून महामार्गाला लागला, तेव्हा ताडपत्रीच्या वर करवंदीची फांदी तेवढी हलताना दिसत होती.

आता त्यांच्या खोलीत एक तरुण डॉक्टर बसते. तिच्या दाराबाहेर चपला नसतात. माझ्याही नसतात. गावची माणसं अजून कधीकधी फांदी घेऊन येतात, पिशवीत गुंडाळून. कुणाला द्यावी ते त्यांना कळत नाही. मग मीच घेतो, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो आणि मगच सुई उचलतो.

अधूनमधून मी माधवीला तपासणीसाठी बोलावतो. ती हनुवटी टेकवते, मी दिवा लावतो. ते कुसळ तिथेच आहे, बाहुलीच्या जवळ, तिरपं. मधल्या काळात माझ्या हाताला नवी उपकरणं आली आहेत. असली खोल कामं मी केलीही आहेत, चांगली झाली आहेत. आणि खरं सांगायचं तर, बायकोच्या डोळ्यात बघताना दर वेळी मधे दुसरं कुणी बसलेलं असावं, हे मला अजून सोसत नाही.

परवा मी म्हटलं, "माधवी, आता मला जमेल. काढू का?"

तिने हनुवटी जराही हलवली नाही.

"घाई कोणाला आहे?" ती म्हणाली. "तुला, का काट्याला?"

मी दिवा बंद केला.